दुसरा कप

धम्मपालने दार उघडलं. दारात हर्षालीचे वडील, भारतराव. थेट विंचूरहून आलेले. खाली गेटपाशी गाडीला टेकून त्यांचे तिघे पुतणे वर बघत होते.

"पोरगी कुठं हे?"

"सनीबरोबर बाहेर गेलीय. येतीलच इतक्यात. बसा ना."

साफ खोटं. त्याचा मुलगा सनी आणि हर्षाली या घटकेला विवाह नोंदणी कार्यालयात आपला नंबर लागायची वाट बघत होते. धम्मपालही तिकडेच निघाला होता. आता या माणसाला इथे बसवून ठेवायचं, एवढंच त्याच्या हाती उरलं होतं.

"कॉफी घेणार? ताजी दळून करतो. नाद आहे मला."

भारतराव सोफ्याच्या कडेला टेकले. "करा."

इतकी सावकाश कॉफी धम्मपालने जन्मात केली नव्हती. बिया हाताने दळल्या. गाळणीचा कागद उगाच दोनदा भिजवला. किटलीतून पाण्याची बारीक धार सोडली.

त्याने कप पुढे ठेवला आणि तो बघत राहिला. आपल्या घरचं हा माणूस पिणार का?

भारतरावांनी कप उचलला. एक घोट घेतला. काचेच्या कपाटाकडे मान वळवली. "इतकी घड्याळं कशाला?"

"क्रोनोग्राफ आहेत. नेहमीची वेळ चालूच राहते, आणि बटण दाबलं की वेगळी मोजणी सुरू होते. अंबडला नोकरीला लागलो तेव्हापासून जमवतोय." एकेक घड्याळ बाहेर काढत तो बोलत सुटला. काय बोलतोय, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

भारतरावांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज धम्मपाललाही ऐकू आला.

"काका, तो बनवतोय तुम्हाला! आम्ही जातो लग्नाच्या हापिसात."

"गपचिप थांबा खाली!" भारतराव खेकसले. "पोरगी इथंच यायची हे. म्या आणतो तिला."

धम्मपालने कपाळावरचा घाम पुसला. थाप पचली होती.

"ते निळं दाखवा," भारतराव म्हणाले. मग काळं मागितलं. मग रिकामा कप पुढे सरकवला. "अजून व्हईल का?"

दुसरा कप निम्मा झाला असेल, तेवढ्यात सनीचा मेसेज आला. सह्या झाल्या होत्या. दोघं गाडीत बसून शहराबाहेर पडली होती.

गप्प राहणं सोपं होतं. पण समोर एका मुलीचा बाप बसला होता. धम्मपाल उठून उभा राहिला.

"भारतराव, मी खोटं बोललो तुमच्याशी. हर्षाली इथे येणार नाही. लग्न झालं त्यांचं." आता जे होईल ते सोसायची त्याने तयारी केली.

भारतराव उठले. गॅलरीतून त्यांनी एकदा खाली पाहिलं, आत आले आणि गॅलरीचं दार घट्ट लावून घेतलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "साक्षीदाराच्या सहीला तिच्या आईला म्याच धाडलंय."