झालेलं नुकसान

"अन्यायापुढे मान तुकवणं आमच्या घराण्यात नाही," असं मी विमान कंपनीच्या भरपाईच्या अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलं. मग चष्मा लावला, तेव्हा कळलं की ती जागा आडनावासाठी होती.

पुण्याहून आमचं विमान सहा तास उशिरा सुटलं. त्या दिवशी नागपूरला माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली मुलगी, आणि तिच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. विमानतळावरून मी भावाला फोन केला, "माझ्यासाठी थांबू नका. शेजारच्या कुणाला तरी बोलवा कानात नाव सांगायला." त्याने माझं ऐकू नये, अशी मनातून फार इच्छा होती. तो नुसतं "बरं" म्हणाला.

संध्याकाळी पोचले, तेव्हा पाहुणे निघून गेले होते आणि पाळण्यावरची फुलं सुकली होती.

"काय नाव ठेवलंत?" मी विचारलं.

"आत्या आल्याशिवाय कसं ठेवणार?" भाऊ म्हणाला. "सगळ्यांना नुसतंच जेवायला घालून पाठवलं."

मी बाळाच्या कानाशी वाकले, आणि तिचं टोपडं सारखं करत तिच्याकडे बघतच राहिले.

"ताई, आता आणखी किती उशीर?" भावाने विचारलं.

अर्जातल्या 'झालेलं नुकसान' या रकान्यात मी शेवटी "काहीही नाही" असं लिहिलं. भरपाई नको. फक्त विमानाला उशीर झाला होता, एवढं शिक्क्यानिशी लिहून द्यावं. ताई घरातूनच उशिरा निघाली, असं भाऊ सगळ्या नातेवाइकांना सांगतोय.