पहिली दाखवलेली

जागेश्वर शेवटच्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसला होता. मांडीवर संत्रा बर्फीचा डबा, शेजारी बहीण मैनाबाई. समोर त्याची ऋतुजा पाऊण तासापासून खडकांबद्दल इंग्रजीत बोलत होती. आजची तोंडी परीक्षा पार पडली की पोरगी डॉक्टर होणार होती. दवाखान्यातली नव्हे, दगडांची.

त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सकाळी त्याने तिचा जाडजूड प्रबंध मात्र उलटून पाहिला होता. आभाराच्या पानावर सरांचं नाव होतं, प्रयोगशाळेतल्या लोकांची होती, मैत्रिणींचीसुद्धा होती. आपलं नाव सापडलं ते अगदी तळाशी. काळजात बारीकसं टोचलं. मग त्याने स्वतःलाच दटावलं, छापलंय ना, मग मुकाट्याने बर्फी आणायला नीघ.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक प्रमोदिनीबाईंनी चष्मा काढला आणि एकदम मराठीत विचारलं, "स्ट्रॅटम हा शब्द तुम्ही दोनशे वेळा वापरलाय. त्याचा अर्थ काय?"

"थर, मॅडम."

"तो आपला, भूशास्त्रवाल्यांचा. लॅटिनमध्ये स्ट्रॅटम म्हणजे अंथरलेलं. अंथरूण, चादर. रोमनांनी दगड अंथरून रस्ते केले, म्हणून इटलीत रस्त्याला स्ट्राडा म्हणतात, जर्मनीत श्ट्रासं. इंग्रजांचं स्ट्रीटही त्याच घरातलं. खडकांच्या वाट्याला हा शब्द पार उशिरा आला. आता सांगा, अंथरलेल्यावरून काय ओळखता येतं? पुस्तकातलं वाक्य नको. स्वतः पाहिलेलं सांगा."

ऋतुजा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. जागेश्वरने बर्फीचा डबा घट्ट धरला. पोरगी अडकली, एवढं कळायला इंग्रजी लागत नाही.

तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि चक्क घरच्या बोलीत सुरू झाली. "मॅडम, माझे बाबा गांधीबागेतल्या दुकानात साड्या दाखवतात. गिऱ्हाईक बसलं की एकेक उलगडून समोर गादीवर टाकतात. मोठा ढीग होऊन जाते. मंग ते बाई म्हणते, सगळ्यात पयले दाखवली होती, तेच द्या. बाबा पाहतही नाही, सरळ ढिगाच्या बुडाशी हात घालतात. जे पयले अंथरलं, ते सगळ्यात खाली. मी सहावीत असताना पाहिलं ते. पुस्तकात मंग आलं."

सगळ्यांनी वळून मागे पाहिलं. कुठे तोंड लपवू, असं जागेश्वरला झालं. बत्तीस वर्षं दिवसभर साड्या उलगडायच्या आणि संध्याकाळी घड्या घालायच्या. त्या ढिगाशेजारी बसून कुणी काही शिकत होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

पण धंद्याची खोड जाते थोडीच! त्याच्या तोंडून निघून गेलं, "अन् मधातल्या दोन-चार साड्या कोणी आवरून नेल्या तं? मंग कसं ओळखशीन वं?"

बोलल्यावर त्याने जीभ चावली. मैनाबाईने कोपराने ढोसलंही.

प्रमोदिनीबाई मात्र खुर्चीतच वळून बसल्या. "माझा पुढचा प्रश्न हाच होता. उत्तर यांनाच द्या."

"खालचा थर झिजलेला दिसते, बाबा," ऋतुजा म्हणाली. "त्याच्यावरून समजते की मधातलं काही गेलं. पण कितीही जाऊ द्या, वरचे सगळे टेकलेले असतात ते खालच्यावरच."

बाईंनी समोरच्या कागदावर सही केली. "अभिनंदन, डॉक्टर."

टाळ्या झाल्या. जागेश्वरचे हात आपोआप जोडले गेले. बाईंना, पोरीला की दुकानातल्या त्या गादीला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

माणसं चहाकडे वळली. मैनाबाईने तेवढ्यात प्रबंध ताब्यात घेऊन आभाराचं पान एका मुलीकडून वाचून घेतलं आणि तावातावाने ऋतुजाला गाठलं. "काय वं पोरी, साऱ्या जगाचे नावं वर, अन् जलमदात्या बापाचं बुडाशी? काहून?"

ऋतुजा काही बोलणार, तोच जागेश्वरने डब्याचं झाकण उघडलं.

"मैना, पयली दाखवलेली साडी खालीच राह्यते. घे, बर्फी घे."