पोस्टरमधला सुळका

एकाच पठारावर उरलेलं जांभळं रानफूल लोकांनी जपावं म्हणून तिने पोस्टर रंगवलं. पाकळीवरची लव हुबेहूब उतरली आणि मागचा दुभंगलेला सुळकाही. परिसराशिवाय वनस्पतीचं चित्र पुरं होत नाही, असं ती शिकली होती. पोस्टर गावोगाव लागलं. पुढच्या बहरात ती आली, तेव्हा सुळक्याखालची जमीन तुडवून टणक झाली होती. “ताई, इतका चोख पत्ता पोस्टमनलाही मिळत नाही,” वनरक्षक काका म्हणाले. “सुळका ओळखून लोक आले, फोटोसाठी फुलांत लोळले, कंदही उपटून नेले.” त्यांनी कपारीतली शेवटची तीन रोपं दाखवली. तेवढ्यात मोबाइलवर तिचंच पोस्टर बघत एक कुटुंब वर आलं. “सुळका तर हाच. मग फुलं कुठायत?” ती कपारीला पाठ लावून म्हणाली, “कुठली फुलं? चित्रकारांचं काय खरं धरता? मनचंच रंगवतात.”