तुरुतुरु

नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या आमच्या ऑफिसात एका संग्रहालयाची जुनी फिल्म कॉम्प्युटरवर चढवायला आली. डच राजवटीतल्या जावा बेटावर शंभर वर्षांपूर्वी काढलेला मूक माहितीपट. उसाच्या मळ्यातले मजूर पाठीवर मोळ्या घेऊन तुरुतुरु पळत होते, मागे मुकादम काठी नाचवत होता, आणि संग्रहालयाची मार्लेस माझ्या शेजारी बसून हसत होती.

"बघ ना स्वप्नाली, किती मजेत काम करायची ही माणसं."

माझं डोकंच फिरलं. तेव्हाचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून, आजच्यापेक्षा सावकाश चालवायचे. ती फिल्म आजच्या वेगाने लावली की प्रेतयात्राही शर्यत वाटते. आयुष्य संग्रहालयात घालवलेल्या बाईला एवढं कळू नये?

शनिवारी घरी बसून मी फिल्मचा वेग मूळचा केला. आता कोणीच पळत नव्हतं. माणसं ओझ्याखाली झोकांड्या खात चालली होती. एक बाई मोळीसकट गुडघ्यांवर कोसळली, आणि मुकादमाची काठी नाचत नव्हती, तिच्या पाठीवर पडत होती. माझा नवरा कुशल चहा घेऊन आला होता, तो कप हातात धरून तसाच उभा राहिला.

"हे असंच्या असं पाठव," एवढंच म्हणाला.

पाठवलं.



सोमवारी संग्रहालयाकडून तक्रार आली: "नव्या फाइलमध्ये बिघाड आहे, लवकर दुरुस्त करून द्या. मजूर आता आनंदी दिसत नाहीत."