धुतलेला चिखल

नीरजा तांडेलने शिजवलेल्या शिवल्यांचं, खाडीच्या चिखलातल्या शिंपल्यांचं, ताट बंदराच्या धक्क्यावर मांडलं, तेव्हा जमलेल्या कोळणींपैकी एकीनेही हात पुढे केला नाही. पंचवीस वर्षं या खाडीतलं कुणी काही खाल्लं नव्हतं. चिखलात पारा मुरला होता. त्यानेच नीरजाच्या वडिलांचे हात थरथरू लागले आणि त्यांचं जाळं कायमचं सुटलं.

नीरजाने प्रयोगशाळेत घडवलेल्या जिवाणूंनी बंदरातून उपसलेल्या गाळातला पारा शोषून त्याचे कण बनवले. ते चाळून काढायला सहा वर्षं लागली. मग स्वच्छ गाळ खाडीत परतला आणि त्यात शिवल्या आपणहून वाढल्या.

"तीनदा तपासलं, पारा उरलेला नाही," नीरजा म्हणाली. "पहिली मीच खाते."

"थांब." तिची आई चांगुणाबाई पुढे आली. "खाऊ नका म्हणून दारोदार मीच सांगत फिरले होते. आता खा म्हणून मीच सांगायला हवं."

तिने शिंपल्यातला गर तोंडात टाकला आणि सावकाश चावला. तिचे डोळे भरून आले.

"बघत काय उभ्या राहिलात?" ती बायकांना म्हणाली. "हा माझ्या लेकीनं धुतलेला चिखल आहे. बसा जेवायला!"