साहेब आहेत तोवर

साहेबांनी दोन दिवस मान बाहेर काढली नव्हती. जनावरांच्या डॉक्टरने त्यांना उलटंसुलटं करून पाहिलं, पोटाकडच्या कवचावर बोटाने टकटक केली आणि परत टोपलीत ठेवलं.

"वय झालंय हो," तो म्हणाला. "आता औषध कसलं देणार? ऊब द्या, कोमट पाण्यात बसवा. एवढी वर्षं तुम्ही काढलीत, तुम्हाला मी काय सांगू?"

काढली होती खरी तिने. साहेब म्हणजे सासऱ्यांचं कासव. कशाची घाई नाही आणि कुणी काही बोललं की डोळे मिटून घ्यायचे, म्हणून सासऱ्यांनीच ते नाव ठेवलेलं. जाताना त्यांनी साहेबांना सुनेच्या गळ्यात घातलं. "परक्याला देऊ नकोस," म्हणाले आणि सुटले. तेव्हापासून रोज सकाळी पाण्याचं घमेलं, कवच घासणं, पालक बारीक चिरणं, थंडीत दिव्याची ऊब. आणि साहेब कपाटाखाली जाऊन बसले की झाडूच्या दांड्याने त्यांना बाहेर काढणं. शिवणयंत्रावर बसून आधीच कंबर मोडायची, त्यात हे. पोरबाळ असतं तर एव्हाना हाताशी तरी आलं असतं. हे आपले जिथल्या तिथे.

पण याच साहेबांमुळे तिचा संसार टिकला होता. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा नवरा-बायकोचं अजिबात पटेनासं झालं. मारहाण नाही, व्यसन नाही. नुसती धुसफूस, उठताबसता. एका संध्याकाळी दोघांनी समोरासमोर बसून वेगळं व्हायचं ठरवलं. ती बहिणीकडे जाणार, तो भावाकडे. भांडी वाटून झाली, गाद्या वाटून झाल्या आणि साहेबांपाशी गाडं अडलं. बहिणीकडे दोन कुत्री. तिकडे भावजय म्हणाली, "कासव आणलंत तर मी माहेरी जाते."

"मग साहेब आहेत तोवर राहू एकत्र," नवरा म्हणाला होता. "असे किती दिवस काढणार आहेत?"

कासव किती जगतं, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

तो विषय पुन्हा निघाला नाही, पण ठरलेलं कुणी मोडलंही नाही. मध्ये एकदा ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली ती तीन महिने तिकडेच राहिली. परत आली तर साहेब तिच्याकडे ढुंकून बघेनात, तिच्या हातची काकडी घेईनात. "रुसलेत," नवरा म्हणाला. तो रुसवा काढण्यात तिचं वर्ष गेलं. घरातली धुसफूस मात्र, का कुणास ठाऊक, तेव्हापासून कमी होत गेली.

ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा नवरा कामावरून, चष्म्याच्या दुकानातून, नुकताच आला होता.

"काय म्हणाला डॉक्टर?"

"वय झालंय म्हणाला."

नवऱ्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला.

"मग बहिणीला कळवून ठेव," तो म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

इतकी वर्षं एका छपराखाली काढली आणि या माणसाच्या डोक्यात अजून तेच! तिला जायचं नव्हतं. या वयात दुसऱ्याच्या घरात कोपरा धरून बसायचं तिला नको होतं. पण खरं दुखणं ते नव्हतंच. सकाळी त्याच्या खोकण्याने ती वैतागायची, आणि तो खोकला नाही तर उठून त्याच्या तोंडाकडे बघायची. हे त्याला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी नवरा दुकानात गेला आणि साहेब गेले. तिने पाय ओढून पाहिला, तो आत गेला नाही.

रडायलाही सवड नव्हती. अस्तराच्या कापडात गुंडाळून तिने त्यांना पिशवीत घातलं आणि तडक डॉक्टर गाठला.

"मला असंच एक पाहिजे. आजच."

डॉक्टरने पिशवीत डोकावून पाहिलं. "अहो बाई, सुटलात म्हणा की! आता जरा आराम करा."

"मला सुटायचं नाहीये," ती म्हणाली, आणि तेव्हा मात्र तिला रडू फुटलं.

डॉक्टरने फोन लावला. त्याच्या ओळखीची एक म्हातारी नर्स मुलीकडे राहायला चालली होती, तिला आपलं कासव चांगल्या घरी द्यायचं होतं. साहेबांना दवाखान्यामागे पुरून ती नर्सच्या घरी गेली. कासव जवळपास त्याच अंगाचं होतं. नर्स त्याच्या सवयी सांगत होती, पण हिचं लक्ष सगळं घड्याळाकडे.

नवरा आला तेव्हा ती यंत्रावर मान खाली घालून बसली होती. कासव दिव्याखाली पालक खात होतं.

"अरे वा!" तो म्हणाला. "खायला लागले की."

"हो. दुपारपासून."

नवरा खाली बसला. त्याने कासव उचललं, दिव्यापाशी धरलं, चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून पाहिलं. तिने रिकाम्या कापडावरच टीप मारली.

"मान जरा बारीक दिसते."

"आजारात वाळलेत."

"हं." त्याने कासव खाली ठेवलं. "बहिणीला कळवलंस?"

"खातायत म्हटल्यावर कशाला कळवायचं?"

"तेही खरंच."

त्याने पालकाचं एक पान कासवापुढे सरकवलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "एवढे हुबेहूब साहेब एका दिवसात कुठे मिळाले गं तुला? तू बाळंतपणाला गेली होतीस तेव्हा मला तर चार गावं पालथी घालावी लागली."