बेचाळीस व्याख्यानं

घाटात गाडी बंद पडली म्हणून ल्युप्कानं हात केला, आणि गावच्या आज्यांनी भरलेली नगरपालिकेची व्हॅन थांबली. ड्रायव्हर हसला. "मॅडम, ओळखलं नाहीत? मी मेतोदी. तुमच्या प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसायचो."

त्याच्या शेजारच्या सीटवर बसता बसता तिला आठवलं. आरोग्य विभागाचा अधिकारी. वर्षभरात रक्तदाबावर बेचाळीस व्याख्यानं दिली म्हणून केवढी ऐट होती त्याची! तिनं भर वर्गात विचारलं होतं, "पण त्यामुळे कुणाचं काय बदललं?"

"तेच विचारत गावोगाव फिरलो," तो म्हणाला. "माझं व्याख्यान सगळ्यांना तोंडपाठ होतं. पण दवाखान्यात कुणी जातच नव्हतं. बसच नाही, तर जाणार कशानं? मग अहवालात खरं ते लिहून टाकलं. व्याख्यानं बंद करा, गाडी घ्या."

"आणि तुमचं पद?"

"तेही गेलं."

ल्युप्काचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यामुळे..."

"अहो, गाडीला ड्रायव्हर नको का?"

मागच्या सीटवरून त्रेना आजी पुढे वाकली. "मेतोदी, तुझी व्याख्यानं जिच्यामुळे बंद झाली, ती हीच का रे?"

"हीच, आजी."

आजीनं पिशवीतून आयवारची, म्हणजे डॉक्टरांसाठी घरी केलेल्या भाजक्या मिरच्यांच्या चटणीची, बरणी काढली आणि ल्युप्काच्या मांडीवर ठेवली.

"डॉक्टरला देईन पुढच्या खेपेला. आधी मान तुझा, पोरी."